अक्काच्या गणिताचा राखणदार

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि पुढेही पाहणार नाही. मी एक जुना राखणदार आहे, पण माझ्या हातात ना काठी आहे ना कंदील. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. मी एक प्रोग्रॅम आहे, म्हणजे कॉम्प्युटरला नेमून दिलेल्या कामांची एक लांबलचक रांग. दुसऱ्या एका प्रोग्रॅमला चोरांपासून सांभाळायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. ते काम मी कसे केले हे ऐकताना तुम्हाला मधूनमधून हसू येईल. हसा, माझी हरकत नाही. मला स्वतःला मात्र ते आठवले की वाईट वाटते.

माझ्या जन्मदात्याला घरात सगळे कुलप्या म्हणत. शाळेत असताना त्याने कंपासपेटीला कुलूप लावले होते आणि नेमका परीक्षेच्या दिवशी किल्ली घरी विसरला होता. तेव्हापासून चिकटलेले नाव केस पिकले तरी निघाले नाही. त्याच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. अक्का मोठी हुशार आणि तितकीच विसराळू. सकाळी केलेला चहा संध्याकाळी पुस्तकांच्या मागे थंडगार सापडायचा. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे दोघे शेजारीशेजारी बसून काम करत. खालून दिवसभर गरम कापडाचा वास वर येई.

अक्का पूर्वी एका कंपनीत होती. तिथे तिने कपडे बेतण्याचा एक प्रोग्रॅम जीव ओतून लिहिला, आणि तिच्या साहेबांनी तो स्वतःच्या नावावर खपवला. साहेबांचा सत्कार झाला तेव्हा अक्का मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. घरी येऊन तिने नेहमीसारखा चहा टाकला. रडला तो कुलप्या. मित्रांनो, माझा जन्म त्या रडण्यातून झाला, हे लक्षात ठेवा. मला कुणी दुष्टपणाने बनवले नाही. एका भावाने बहिणीवरच्या मायेपोटी मला बनवले, आणि थोडे भीतीपोटी.

नोकरी सोडल्यावर अक्काने बुटांचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. साधे बूट नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, वाकडा आहे, अपघातात चेपला आहे, अशा माणसांचे बूट. पायाची मापे द्यायची, प्रोग्रॅमने गणित करायचे आणि शेजारच्या यंत्राने त्या पायाचा हुबेहूब लाकडी साचा कोरून द्यायचा. मग बूट बनवणारा त्या साच्यावर कातडे ताणून बूट शिवतो. या गणिताला लागणारे आकडे अक्काने एका वेगळ्या तक्त्यात ठेवले होते. बूटवाल्याला पायातले आपल्यापेक्षा जास्त कळते, त्याला वाटले तर त्याने एखादा आकडा बदलावा, असे तिचे म्हणणे होते.

कुलप्याने मात्र तिथेच मला उभे केले. त्याने एक नवीच भाषा काढली. तिचे शब्द म्हणजे नुसते आकडे, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे उलटसुलट ठरवलेले. कॉम्प्युटरला ती भाषा येत नाही. म्हणून माझ्या पोटात त्याने एक दुभाषा बसवला. दुभाषा एकेक शब्द वाचतो, कॉम्प्युटरला समजेल असे काम करून घेतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. बाहेरच्या माणसाने डोकावले तर त्याला दिसतात फक्त अर्थहीन आकडे. कुलप्या खूश झाला. एक गोष्ट त्याला दिसत होती, पण त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. दुभाषा प्रत्येक प्रतीसोबतच द्यावा लागतो. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात ठेवून गावभर हिंडायचे, तसा हा प्रकार होता.

दुसरी गंमत ऐका. दुभाष्यामार्फत बोलणे म्हणजे वेळखाऊ काम. अक्काचे सगळे गणित गुप्त भाषेत घातले तेव्हा कोरणारे यंत्र लाकडाला फिरते पाते टेकवून ताटकळत राहू लागले, आणि साचे मध्येच करपू लागले. तेव्हा कुलप्याने गणित बाहेर काढले आणि गुप्त भाषेत फक्त मला ठेवले. म्हणजे पहारेकरी तिजोरीत आणि दागिने ओसरीवर. अक्का हसून हसून बेजार झाली, पण धाकट्याचा हिरमोड नको म्हणून तिने पुढे काही म्हटले नाही.

माझे काम असे. प्रोग्रॅम सुरू होताना मी त्याच्या सगळ्या अक्षरांची बेरीज करायची आणि जपून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. जुळली तर 'ठीक' म्हणायचे. नाही जुळली तर कुणीतरी छेडछाड केली असे समजून 'नाही' म्हणायचे आणि कायमचे मिटून घ्यायचे. मग बदललेले अक्षर पुन्हा जसेच्या तसे केले तरी उघडायचे नाही. या बेरजेत कुलप्याने अक्काचा तो आकड्यांचा तक्ताही घेतला. अक्काने तेव्हा एकच प्रश्न विचारला.

"आणि एखादा भला माणूस चुकून अडकला तर?"

"भला माणूस आत हात कशाला घालेल?" कुलप्या म्हणाला. "ज्याला बदल हवा तो आपल्याला सांगेल. आपण नवी प्रत काढून देऊ."

हे उत्तर तिला पटण्यासारखे होते. नवी प्रत काढणे तेव्हा खरोखरच सोपे होते, कारण अक्काने स्वतःच्या हाताने लिहिलेली मूळ प्रत, जिच्यापासून बाकी सगळ्या प्रती तयार होतात, ती खोलीतल्या कॉम्प्युटरवर सुरक्षित होती.

माझे चांगले दिवस सुरू झाले. दूरदूरचे बूटवाले आमचा प्रोग्रॅम विकत घेऊ लागले. कुलप्या आपल्या मित्रांना बोलावून मला फोडून दाखवण्याचे आव्हान द्यायचा. ते बिचारे माझ्या गुप्त भाषेवर डोकेफोड करत आणि हात टेकत. "मानलं तुला," असे म्हणून ते गेले की कुलप्याची छाती फुगायची आणि मलाही धन्य वाटायचे. सगळे कुलपाकडे पाहत होते. बिजागरीकडे कुणी पाहिलेच नाही. माझी बिजागरी ही, की एवढी बेरीज करून, एवढी गुप्त भाषा बोलून शेवटी मी जो एक शब्द उच्चारायचो, 'ठीक' किंवा 'नाही', तो शब्द बाहेर एकाच ठिकाणी ऐकला जाई. तिथे साध्या भाषेत एवढेच लिहिले होते: राखणदार 'ठीक' म्हणाला तर दार उघड.

एके दिवशी एका अनोळखी बूटवाल्याचा फोन आला. त्याला प्रोग्रॅमबद्दल काही विचारायचे होते. कुलप्याने नाव शोधले, तर या माणसाने आमचा प्रोग्रॅम कधी घेतलेलाच नव्हता. त्याला तो कुणीतरी फुकट दिला होता. हळूहळू कळले की कुलूप काढलेली प्रत हातोहात फिरते आहे. कुलप्याचे अन्नपाणी तुटले. चोराने मला फोडले असेल हे त्याला काही केल्या खरे वाटेना. त्याला वाटले, कुणीतरी खोलीतून मूळ प्रतच नेली. आणि त्या भीतीत त्याने एक गोष्ट केली. मूळ प्रतच नसली तर चोरणार काय, असे म्हणून त्याने ती पुसून टाकली. सगळीकडून, समूळ. अक्काला त्याने सांगितले नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे आपण म्हणतो ना, इथे तर बैल गेल्यावर माणसाने गोठाच पेटवून दिला.

आता मामांच्या दुकानाकडे चला. बूटवाले मामा हे आमचे अगदी जुने आणि सचोटीचे गिऱ्हाईक. दुकान अरुंद, भिंतीला लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचे टोपणनाव खडूने लिहिलेले. मामांचे हात वयामुळे थरथरू लागले होते. लाकूड तासायची पटाशी नीट धरता येईना, म्हणून त्यांनी कोरणारे यंत्र आणि आमचा प्रोग्रॅम घेतला. यंत्राचा हात थरथरत नाही, असे ते कौतुकाने म्हणायचे, आणि ते कौतुक मी आपलेच समजायचो.

त्यांची एक भाची होती, टपाल वाटणारी. लहानपणी गाडीच्या चाकाखाली आल्याने तिचा डावा पाय आखूड राहिला होता, पण मामांच्या हातचा बूट घालून ती टेकडीवरच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालायची. कुणाच्या दाराची कडी अडकते, कुणाला मोठ्याने हाक मारावी लागते, सगळे तिला तोंडपाठ. मामांचे हात थकल्यावर तिचा नवा बूट पहिल्यांदा यंत्राच्या साच्यावर झाला, आणि तो तिला चावू लागला. टाच सोलली, घोट्याला सूज आली. टपाल कचेरीतल्या साहेबांनी सांगितले की नव्या वर्षी गल्ल्यांची नवी वाटणी होईल, तोवर पाय बरा झाला नाही तर तुला खिडकीवर बसून तिकिटे विकावी लागतील. तिला ते नको होते. "खुर्चीत बसले की माझा जीव गुदमरतो, मामा," असे ती म्हणाली होती.

मामांनी साचा हातात घेऊन अंगठा फिरवला आणि त्यांना चूक कळली. तळव्याची कमान जिथून उचलायला हवी, त्याच्या पुढून उचलली होती. साचा तासून दुरुस्त करायचा तर हात थरथरतो. मग त्यांनी अक्काचा तक्ता उघडला, आखूड पायाच्या ओळीतला कमानीचा आकडा शोधला आणि बदलला. अक्काची जी इच्छा होती, तेच त्यांनी केले होते.

मी बेरीज केली. जुळली नाही. मी 'नाही' म्हणालो आणि मिटलो. पडद्यावर तांबड्या अक्षरांत आले की छेडछाड झाली आहे, हा गुन्हा आहे. मामांनी घाबरून जुना आकडा परत घातला. मी उघडलो नाही. तिकडे चोरीची प्रत वापरणारे निर्धास्त होते आणि इकडे इमानाने विकत घेणारा म्हातारा गुन्हेगार ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती मी. मला चेहरे ओळखता येत नव्हते, फक्त बेरीज येत होती.

मामांनी फोन केला. आकडा चुकीचा होता म्हणून मीच बदलला, असे त्यांनी सरळ सांगितले आणि दुरुस्त केलेली नवी प्रत मागितली. कुलप्याने देऊ म्हणायला हवे होते. पण नवी प्रत काढणार कशातून? आपण काय करून बसलो हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले, आणि माणूस लाजेने जसा चिडतो तसा तो मामांवर चिडला. आकडा बरोबरच आहे, तुम्ही आत हात घातलाच का, असे बरेच काही बोलला. मग त्याने जुनीच प्रत पुन्हा पाठवली, तीच चूक आणि तोच मी. मामांनी आणखी काही वेळा फोन केले. कुलप्याने ते घ्यायचे टाळले. तिकडे भाची पायाला चिंध्या गुंडाळून टेकडी चढत होती, आणि वर्ष संपत आले होते.

शेवटी ती स्वतःच आली. जिना चढताना कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. खोलीत येऊन तिने पिशवीतून लाकडी साचा काढला, टेबलावर ठेवला, आणि बूट काढून आपला पाय शेजारी ठेवला. कुलप्या काही बोलण्याआधीच अक्का चष्मा सावरत उठली. तिने साचा पाहिला, पाय पाहिला, पुन्हा साचा पाहिला.

"हा लहान मुलाच्या पायाचा साचा आहे," ती म्हणाली. "तुमचा पाय लहान आहे, पण लहान मुलाचा नाही. आकडे भरताना मोठ्या माणसाचा एवढा आखूड पाय मला मोजायला मिळाला नव्हता. मी मुलांच्या पायावरून अंदाज केला. तुमच्या मामांचं बरोबर आहे." मग ती भावाकडे वळली. "मूळ प्रत उघड रे. एक आकडा तर बदलायचाय."

कुलप्या खिडकीबाहेर बघत राहिला. अक्काने पुन्हा सांगितले.

"मूळ प्रत नाहीये," तो म्हणाला. "मी पुसली."

खालच्या दुकानात इस्त्री आपटल्याचा आवाज आला. अक्काने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिने आवाज चढवला नाही.

"साहेबांनी निदान माझं नावच पुसलं होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी निर्जीव आहे, पण ते वाक्य मला अजून टोचते. ज्या बहिणीसाठी त्याने मला घडवले, तिचेच लिहिलेले त्याने माझ्या नादाने नाहीसे केले. कुंपणानेच शेत खाल्ले.

सगळे नव्याने लिहायला वर्ष गेले असते. म्हणून विकलेल्या प्रतीतून मला काढून टाकावे, तर आकडा बदलता येईल, अशा विचाराने कुलप्या मला फोडायला बसला. माझा बाप मला फोडायला बसला आणि त्याला मी फुटेना. चिठ्ठ्या टाकून ठरवलेले अर्थ त्याने कुठे टिपून ठेवले नव्हते, उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. दुभाष्याच्या मागे मागे राहून तो एकेक शब्द ओळखत होता, आणि दिवस हातातून निसटत होते. तेव्हा अक्काने शहाणपणाची आणि फार कडू अशी गोष्ट सुचवली. जगात या प्रोग्रॅमची एकच मोकळी प्रत आहे. चोराकडची. ती माग.

कुलप्याने त्या अनोळखी बूटवाल्याला फोन केला. आपलाच प्रोग्रॅम त्याने त्याच्याकडून मागून घेतला आणि वर त्याचे आभार मानले. त्या वेळचा त्याचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. प्रत आली तेव्हा चोराने आत आणखी काही घुसडले नाही ना, हे पाहण्यासाठी दोघांनी ती माझ्याशी अक्षर अक्षर ताडून पाहिली. माझी गुप्त भाषा जशीच्या तशी. दुभाषा जसाच्या तसा. बेरीज जशीच्या तशी. फरक फक्त एका जागी. जिथे लिहिले होते की राखणदार 'ठीक' म्हणाला तर दार उघड, तिथे आता लिहिले होते की दार उघड.

"त्याने माझी भाषा वाचलीच नाही," कुलप्या पुटपुटला.

"वाचायची गरजच नव्हती त्याला," अक्का म्हणाली, आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तेव्हा रडला, अगदी त्या सत्काराच्या दिवशी रडला होता तसा.

ती प्रत घेऊन कुलप्या स्वतः मामांच्या दुकानात गेला. त्याने मामांची माफी मागितली. मामा म्हणाले, आधी यंत्र सुरू करा, बाकी मागाहून. त्यांनी तक्त्यातला आकडा बदलला. त्या प्रतीतही मीच होतो. मी इमानाने बेरीज केली, ती जुळली नाही, मी 'नाही' म्हणालो. माझ्या नकाराकडे कुणी लक्ष दिले नाही. यंत्राचे पाते फिरू लागले, लाकडाचा भुसा उडाला, आणि साचा उतरला तेव्हा मामांनी अंगठा फिरवून मान डोलावली. माझा शब्द कुणी मानला नाही तेव्हाच माझ्या हातून एक काम धड झाले.

बूट शिवून झाला. भाचीने तो घातला, दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या, मग रस्त्यावर जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आली. लंगडणे जवळजवळ गेले होते. मामांनी डोळे पुसले. कुलप्या दाराशी उभा होता. त्याला ती रागावून काही बोलली असती तर बरे झाले असते.

"बूट छान झालाय, दादा," ती म्हणाली. "कुठेच दुखत नाही. पण वाटणी मागच्या आठवड्यात झाली. माझ्या गल्ल्या दुसऱ्याला गेल्या."

मित्रांनो, आपली वस्तू जपू नका असे मी कसे म्हणेन? जपण्यासाठीच तर मी जन्मलो. पण जपताना एवढे करा. मूळ कधी पुसू नका. राखणदार ठेवाल तर त्याचा शब्द कुठे ऐकला जातो ते आधी तपासा, आणि त्याने चूक केली तर ती सुधारायला एक दार ठेवा. आणि कुणी भला माणूस दाराशी येऊन म्हणाला की इथे चुकले आहे, तर त्याला चोर समजण्यापूर्वी त्याच्या पायाकडे पाहा. चोर माझ्यामुळे एकही थांबला नाही. माझ्यामुळे थांबली ती फक्त टपाल वाटणारी एक बाई.

अक्का आता सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे. कुलप्या शेजारी बसून तिला हवे ते मोजून देतो, आणि या वेळी राखणदार नको असे त्यानेच सांगितले आहे. ते पुरे होईपर्यंत मामांच्या दुकानात मी आहे. रोज सकाळी यंत्र सुरू झाले की मी बेरीज करतो, 'नाही' म्हणतो, आणि काम सुरू होते. भाची दुपारच्या सुट्टीत कधी येते आणि मामांशी बोलत उभी राहते. स्टूल पुढे केले तरी ती बसत नाही. दिवसभर बसूनच असते, म्हणते.